रबरी पट्ट्याचा व्यायाम : योग्य ताणाची निवड

विलेपार्ले हे सार्वजनिक संस्थांचे उपनगर होय. पार्ले टिळक विद्यालय १९२१ साली, तर लोकमान्य सेवा संघ १९२३ साली येथे स्थापन झाला. या संस्थांच्या छायेत वाढलेल्या अनेक पार्लेकरांनी आज सत्तरी ओलांडली आहे. जुन्या इमारतीत, लिफ्टविना तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धाचे स्वातंत्र्य त्याच्या मांड्यांतील बळावर अवलंबून असते. जिना चढणे थांबले की बाजार, वाचनालय व मित्रमंडळी ही सर्वच दुरावतात.

वयोमानाने स्नायूंचे बळ घटते. परंतु योग्य व्यायामाने ते बऱ्याच अंशी टिकविता येते. प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूबळाचे व्यायाम करावेत, तसेच ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल व बळ यांचे व्यायाम ३ दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचविले आहे. यासाठी ‘रेझिस्टन्स बँड’ या नावाने मिळणारा रबरी पट्टा हे स्वस्त व सुटसुटीत साधन आहे. मात्र तो केवळ रंग पाहून घेतला जातो, आणि तेथेच चूक होते.

एका प्रचलित बनावटीत पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम असतो. मूळ लांबीच्या दुप्पट ताणल्यास त्यांची ओढ अनुक्रमे सुमारे १.३, १.७, २.१, २.६ व ३.३ किलो भरते. परंतु सर्व उत्पादकांचे रंग सारखे नसतात. शिवाय ओढ ही पट्टा मूळ लांबीच्या किती पट ताणला, यावर ठरते. ६० सेंटिमीटरचा पट्टा ९० पर्यंत ताणणे सोपे. त्याच पट्ट्याचा ३० सेंटिमीटरचा तुकडा ६० पर्यंत ताणणे अधिक कष्टाचे. यास्तव पट्टा दरवेळी एकाच ठिकाणी धरता यावा म्हणून त्यावर शाईची खूण करावी.

खरी कसोटी रंगाची नसून स्वतःच्या शरीराची आहे. पट्टा सावकाश ताणावा व त्याहून सावकाश पूर्वस्थितीस आणावा. अशा १० ते १५ आवर्तनांपैकी शेवटची दोन-तीन कष्टाने, पण श्वास न रोखता व शरीर न वाकविता पूर्ण झाली, तर ताण योग्य समजावा. ८ आवर्तनेही न झाल्यास हलका पट्टा घ्यावा. सलग दोन दिवशी १५ आवर्तने सहज झाल्यास पुढचा घ्यावा. खांद्यास हलका व मांडीस जड, असे एकाच व्यक्तीस दोन पट्टे लागणे स्वाभाविक आहे.

हे तत्त्व आपणांस नवे नाही. तालमीतील वस्ताद नवशिक्याच्या हाती प्रथम हलकी जोडीच देत असत. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना क्रमाक्रमाने भार वाढविण्याची हीच रीत वापरली आणि १९४५ साली ती शास्त्रीय स्वरूपात मांडली.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. चीर पडलेला पट्टा त्वरित टाकून द्यावा. तो तुटून डोळ्यास इजा होऊ शकते. पट्टा उन्हात ठेवू नये. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी लेटेक्सविरहित पट्टा घ्यावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सांधा दुखू लागल्यास व्यायाम थांबवावा.

शाळा, ग्रामपंचायत अथवा ज्येष्ठ नागरिक संघासाठी खरेदी करताना एकाच रंगाचा गठ्ठा घेऊ नये. हलक्या, मध्यम व जड अशा तिन्ही प्रतींचे पट्टे घ्यावेत व हलके अधिक असावेत. शेजाऱ्याहून जड पट्टा ओढणे हे या व्यायामाचे उद्दिष्ट नव्हे. आपल्या घराचा जिना आपल्याच पायांनी चढता यावा, एवढे साधले तरी पुष्कळ होय.