फूल जवळून पाहू या

फूल कोणाला आवडत नाही? सकाळी आपण जास्वंद तोडतो, देवाला वाहतो. मोगरा वेणीत माळतो. दसऱ्याला झेंडूची तोरणे बांधतो. पण फूल आपण नीट पाहतो का?

आम्हीही पाहत नव्हतो. आमच्या परसात लाल भोपळ्याचा वेल होता. मांडवभर पसरला. पिवळीधमक फुले आली. पण भोपळा काही धरेना. फुले यायची आणि गळून जायची. घरात म्हणू लागले, "नुसता माजलाय वेल. उपटून टाका. जागा तरी मोकळी होईल."

उपटायच्या आदल्या दिवशी आम्ही मोबाईलवर त्या फुलांचे अगदी जवळून फोटो काढले. आठवण म्हणून. रात्री ते पाहत बसलो, तेव्हा ध्यानात आले की, सगळी फुले सारखी नाहीत. पुष्कळ फुलांखाली नुसता लांब देठ होता. दोन फुलांखाली मात्र सुपारीएवढी हिरवी गाठ होती. अहो, ते तर इवलेसे भोपळेच!

नुसत्या देठावरचे फूल नर. गाठ असलेले फूल मादी. नर फुलाचे पराग, म्हणजे पिवळी पूड, मादी फुलाच्या मध्यावर पडली, तरच भोपळा धरतो. हे काम मधमाश्या करतात. माश्या आल्या नाहीत, तर गाठ पिवळी पडते आणि गळते. वेलाला आधी येतात ती बहुतेक नर फुले. ती गळायचीच. त्यात वेलाचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. ही फुले सकाळी उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. एक नर फूल तोडले. पाकळ्या काढल्या. मधली पूड लागलेली दांडी मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवली. काही दिवसांत गाठ फुगू लागली. वेल वाचला. ती गाठ रोज डोळ्यांपुढेच होती. पण पाहिली कोणी होती? फोटोने आम्हाला थांबून पाहायला लावले.

असे पाहायला शिकवणारा एक मास्तर जर्मनीत होऊन गेला. कार्ल ब्लॉसफेल्ट त्याचे नाव. तो बर्लिन शहरात कला शिकवी. झाडांचे कोंब, कळ्या, फुले यांचे मोठे करून फोटो काढी आणि विद्यार्थ्यांना दाखवी. त्याचा कॅमेरा त्याने स्वतःच बनवला होता. १९२८ साली त्याच्या फोटोंचे पुस्तक निघाले. तेव्हा त्याचे वय ६३ होते. छंदाला वय नसते ते असे.

चला, आता आपणही फोटो काढू.

आधी मोबाईलचे भिंग मऊ सुती कापडाने पुसा. त्यावर बोटांचे डाग असले, तर फोटो धुरकट येतो. वेळ सकाळची बरी. भर दुपारच्या उन्हात पांढरे फूल नुसते पांढरे दिसते, पाकळ्या ओळखू येत नाहीत. ऊन फार असेल, तर छत्रीची सावली धरा.

मोबाईल फुलापासून वीतभर लांब धरा. मग बोटाबोटाने पुढे न्या. फूल अंधुक दिसू लागले की, दोन बोटे मागे या. पडद्यावर फुलाच्या मध्यावर बोट टेकवा, म्हणजे तो भाग स्वच्छ होतो. कोपरे अंगाला लावा. श्वास क्षणभर रोखा आणि फोटो घ्या. वारा असेल, तर झुळूक थांबेपर्यंत वाट पहा. फुलामागे घाईगर्दी नको. काळे कापड धरले, तर फूल उठून दिसते.

फोटोसाठी फूल तोडू नका. वेलीच्या जाळीत वाकण्यापूर्वी काठीने पाने हलवा. आत विंचू-साप असू शकतो. दुसऱ्याच्या परसात जायचे, तर विचारून जा.

आधी एकेरी जास्वंद घ्या. मधल्या दांडीच्या टोकाला पाच ठिपके दिसतील. मग झेंडू घ्या. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरे तर लहान लहान फुलांचा झुबका असतो.

एक वही करा. फोटो काढला की फुलाचे नाव लिहा. तारीख लिहा. काय नवे दिसले, ते एका ओळीत लिहा. कीड दिसली, तर तीही लिहा. आपल्याला आता लिहिता येते ना? मग ते कामी लावू या. पुढच्या वर्षी हीच वही सांगेल, कोणत्या वेलाला फूल कधी आले आणि कोणता वेल उपटायची घाई करू नये.