जनुके, रोगलक्षणे आणि संज्ञांचा नकाशा

मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. अक्षरे हाती आली; अर्थ लावणे मात्र शिल्लक राहिले. एकाच लक्षणाची नोंद निरनिराळे डॉक्टर निरनिराळ्या शब्दांत करतात. माणसाला त्यातील साम्य उमगते, संगणकाला आपोआप उमगत नाही. यासाठी प्रमाण संज्ञा व त्यांचे परस्परसंबंध यांची सुसूत्र मांडणी, म्हणजेच 'ऑन्टॉलॉजी', विकसित झाली. फळमाशी, उंदीर व यीस्ट यांच्या अभ्यासकांनी १९९८ मध्ये 'जीन ऑन्टॉलॉजी' आरंभली. मानवी रोगलक्षणांसाठीची 'ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी' २००८ मध्ये पुढे आली.

या मांडणीत प्रत्येक संज्ञा अधिक व्यापक संज्ञेखाली येते. मात्र एक संज्ञा अनेक व्यापक संज्ञांखाली येऊ शकत असल्याने तिचे चित्र वंशवृक्षाऐवजी जाळ्यासारखे दिसते. हजारो संज्ञांचे संपूर्ण जाळे पडद्यावर आणल्यास केवळ गुंता दिसतो. म्हणून रुग्णाच्या लक्षणांशी निगडित भागच वेगळा काढून रंगांनी दर्शविला जातो.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मार्फान सिंड्रोम व होमोसिस्टिन्युरिया या दोन्ही रोगांत शरीर उंच व सडपातळ असू शकते आणि डोळ्यातील भिंग जागचे सरकू शकते. चित्रात या फांद्या एकमेकींवर येतात. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. मार्फानमध्ये १५व्या गुणसूत्रावरील 'एफबीएन१' जनुकातील दोषामुळे महाधमनी रुंदावते व वेळीच लक्ष न दिल्यास फाटू शकते. होमोसिस्टिन्युरियाच्या नेहमीच्या प्रकारात २१व्या गुणसूत्रावरील 'सीबीएस' जनुक सदोष असते. रक्ताच्या गुठळ्या होतात, बौद्धिक वाढ खुंटू शकते, परंतु काही रुग्णांना ब जीवनसत्त्वाच्या ब-६ या प्रकाराने लाभ होतो. नेत्रतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ व हृदयतज्ज्ञ यांच्याकडील विखुरलेल्या नोंदी एका चित्रात आल्या, तर कोणते जनुक आधी तपासावे हे ठरविणे सुकर होते.

अर्थात चित्र म्हणजे निदान नव्हे. नोंद अपुरी असेल तर नकाशाही अपुराच राहतो. भारताने २०२१ मध्ये दुर्मीळ रोगांसाठी राष्ट्रीय धोरण स्वीकारले. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातून १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचनही झाले. या माहितीचा लाभ रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवायचा असेल, तर रुग्णालयातील साध्या नोंदवहीतही लक्षणे नेमक्या व समान संज्ञांत लिहिली जाणे आवश्यक आहे.