फिटच्या गोळ्यांनी मेंदू सुस्त होतो का?

फिटच्या गोळ्या लिहून दिल्या की साकूर, घारगाव, तळेगावकडून आलेले पालक हमखास विचारतात, “डॉक्टर, यानं पोराचा मेंदू सुस्त तर होणार नाही ना?” सुरुवातीला थोडी झोप, गरगर जाणवते, डोस बदलून ती बहुधा आटोक्यात येते. पण याच भीतीपोटी काही जण गोळ्या परस्पर बंद करतात, आणि खरा धोका तिथंच असतो.

मेंदूत पेशींना चेतवणारं ग्लुटामेट असतं, तसं शांत करणारं गाबाही असतं. चंदनापुरीचा घाट उतरताना ब्रेक जे करतो, ते काम गाबाचं. फिट लांबली तर ग्लुटामेटच्या माऱ्यानं पेशी मरूही शकतात. व्हॅल्प्रोएट मेंदूतलं गाबा वाढवतं, फिनोबार्बिटॉल त्याचा परिणाम वाढवतं. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन पेशींतली सोडियमची वाट रोखून उसळी थोपवतात. ग्लुटामेटला आवर घालणारं कायन्युरेनिक आम्ल मेंदू स्वतःही बनवतो. प्राण्यांच्या मेंदूवरील प्रयोगांत फिटच्या काही औषधांनी ते वाढल्याचं दिसलं; माणसांत त्याचा फायदा अजून सिद्ध झालेला नाही.

गोळी अचानक थांबली की हा आवर एकदम सुटतो आणि फिटवर फिट येऊ शकते. नवरात्रात उपवास असला, तरी गोळी चुकवू नका, जागरणही टाळा. साधारण दोन वर्षं फिट आली नाही, तर डोस हळूहळू कमी करायचा का, हे डॉक्टर ठरवतील.

या गोळ्यांचे तोटेही सांगायला हवेत. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटॉल दीर्घकाळ घेतल्यास ड जीवनसत्त्व आणि फोलेट घटू शकतं; तपासणी करून घ्या. फेनिटॉइननं हिरड्या वाढू शकतात, म्हणून दात नीट घासा. गर्भनिरोधक गोळ्या या तिन्ही औषधांसोबत कमी पडू शकतात. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट घेतल्यास दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात दोष आढळतो. म्हणून मुलीचं लग्न ठरताना आजार लपवू नका. दिवस राहण्याआधीच औषध बदलण्याबद्दल विचारा.

खर्चाची अडचण असेल, तर घुलेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात मोफत औषधांची चौकशी करा. फिट आलीच, तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.