फडातला विसावा

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातलं नेकनूर आणि आसपासच्या वस्त्यांमधले कितीतरी संसार ऊसतोडीला निघतात. या घरांसाठी आजचा सल्ला एवढाच: अंग मोडून पडेपर्यंत थांबू नका, त्याआधीच विसावा घ्या.

फडात वारा शिरत नाही. कोयता चालवताना अंग आतून तापतं आणि घाम वाहून रक्तातलं पाणी कमी होतं. मग मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचतं. रोज असंच होत राहिलं तर मूत्रपिंड कायमचं निकामी होऊ शकतं. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोड मजुरांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. तिथे काही ठिकाणी पाणी, सावली आणि ठरलेला विसावा दिल्यावर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली.

बायांचे हाल आणखी. पहाटे भाकरी थापून त्या फडात येतात, दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहतात, रात्री पुन्हा चूल. आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. पाळीत बसावं तर खाडा पडतो, म्हणून काही जणी गर्भाशयच काढून टाकतात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पोटात दुखतं म्हणून लगेच पिशवी काढायची नसते. आधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा.

आता करायचं काय?

• दर तासाभराने दहा मिनिटं सावलीत बसा. झाड नसेल तर टायरगाडीच्या सावलीला बसा.
• तहान लागायची वाट पाहू नका. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या.
• घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या. चमचा चहाचा घ्या. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
• अंगदुखीची गोळी रोज घेऊ नका. अंगातलं पाणी आटलेलं असताना ती मूत्रपिंडाला घातक ठरते.
• लघवी गडद पिवळी झाली, पायात गोळे आले, डोकं गरगरलं, तर कोयता खाली ठेवा.
• माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मुकादमांनाही सांगणं आहे. कारखान्यातल्या कामगाराला सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असं १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं. मग त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या माणसाला दहा मिनिटं का मिळू नयेत? उचल घेतानाच टोळीने विसाव्याची, पाण्याची आणि बायांसाठी आडोशाची बोली करून घ्यावी.