भांडवल घेण्याआधी करार

जामनेरला आमच्या दुकानी मध्यंतरी एक तरुण आला. गणितात एम.एस्सी. झालेला. मागावरच्या कापडातील दोष संगणकाने ओळखण्याची त्याची योजना. "चाचा, भांडवल कोण देईल?" हा त्याचा सवाल. आम्ही म्हणालो, "बेटा, देणारा भेटेल. कोणत्या शर्तीवर देतो, ते आधी पाहा."

या बाबतीत नरेंद्र करमरकर यांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले हे गणिती १९८४ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये नोकरीस होते. मर्यादित माल, माणसे व वेळ यांतून जास्तीत जास्त फायदा कसा काढावा, या हिशेबाची त्यांनी नवी, जलद रीत शोधली. १९८८ मध्ये तिचे पेटंट झाले, ते कंपनीच्या नावे. नोकरीत लागलेला शोध बहुधा मालकाचाच ठरतो.

पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी महासंगणकाची रचना केली. ती मोठ्या प्रमाणावर उभारण्यास टाटा समूहाने भांडवल दिले. पुण्यात कंपनी निघाली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये तिचा 'एका' महासंगणक जगात चौथा ठरला. पण त्याच वर्षी करमरकर कंपनीतून बाहेर पडले होते. २०१२ मध्ये ती कंपनी टी.सी.एस.ने घेतली. येथे कोणाला दोष देण्याचे कारण नाही. इल्म एकाचे व पैसा दुसऱ्याचा असला, की वाटा वेगळ्या होऊ शकतात, हे ध्यानी घ्यावे.

आता हिस्सा कसा घटतो ते पाहू. धंद्याची किंमत ३० लाख ठरली व बाहेरून १० लाख आले, तर देणारा चौथाईचा मालक. आपले ७५ टक्के. पुन्हा तितकाच हिस्सा दिला, की आपले ५६ उरतात. तिसऱ्या वेळी ४२. मग धंदा आपण काढलेला, पण हुकूम दुसऱ्याचा.

आपल्या खानदेशातच अमळनेरला १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तेलाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर लोकांनी घेतले, तरी निम्म्याहून जास्त हिस्सा प्रेमजींकडेच राहिला.

मुदारबतचा रिवाजही हेच शिकवतो. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफ्याचे प्रमाण आधी ठरलेले. मेहनत करणाऱ्याची कसूर नसेल, तर नुकसान पैसेवाल्याचे. मेहनतवाल्याची मेहनत वाया जाते.

आम्ही स्वतः एका दोस्तासोबत तोंडी बोलीवर भागीदारी केली होती. तिसऱ्या वर्षी हिसाब बसेना. पैसे गेले ते गेले, दोस्तीही गेली. म्हणून बंधूंनो, तीन गोष्टी आधी कागदावर घ्या: हुनर कोणाच्या नावे, निर्णय कोणाचा, आणि वेगळे व्हायचे झाल्यास काय. वकिलाची फी जड वाटेल. भांडण त्याहून महाग पडते.