संदेष्ट्याचा झगा
शास्त्राभ्यास : २ राजे १:८, २:१२-१५, जखऱ्या १३:४, मत्तय ११:७-९

अहज्या राजाच्या जासुदांना वाटेत एक मनुष्य भेटला. त्याचे नाव त्यांना सांगता आले नाही. त्यांनी केवळ वर्णन केले : केसाळ, आणि कमरेला कातड्याचा पट्टा. तेवढ्यावरून राजाने ओळखले की हा एलीया तिश्बी. मूळ इब्री शब्दांचा अर्थ ‘अंगावर केस असलेला’ असा होतो, तसाच ‘केसांचे वस्त्र पांघरणारा’ असाही होतो. पुढे योहान बाप्तिस्मा करणारा उंटाच्या केसांचे वस्त्र व कातड्याचा कमरबंद घालून आला, हे लक्षात घेता दुसरा अर्थ आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो.

असे वस्त्र कसे असेल, याची कल्पना आम्हां हैदराबादकरांना कठीण नाही. तेलंगणातील कुरुमा मेंढपाळ दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची घोंगडी पांघरतात, ती एकदा हाती घेऊन पाहावी. जाड, खरखरीत, अंगाला टोचणारी. पण थंडीपावसात तोच आसरा आणि रात्री तेच अंथरूण. एलीयाचा झगा हुबेहूब असाच होता असे आम्ही म्हणत नाही. पण तो रानातल्या माणसाचा पेहराव होता, दरबारातला नव्हे.

दरबारी पेहरावही आमच्या शहराने पाहिला आहे. पुरानी हवेलीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची कपड्यांची दुमजली, लांबच लांब कपाटे आजही पाहावयास मिळतात. त्यांनी एक पोशाख पुन्हा कधी अंगावर घातला नाही, अशी आख्यायिका आहे. तलम वस्त्रे घालणारे राजवाड्यांत असतात, हे प्रभूचे म्हणणे तेथे उभे राहिल्यावर डोळ्यांनी दिसते.

परंतु म्हणून साधे वस्त्र म्हणजे ईश्वरी पाचारण, असे होत नाही. याच घराण्यातील सातवे निजाम, १९११ ते १९४८ पर्यंत गादीवर असलेले मीर उस्मान अली खान, जगातील अतिश्रीमंतांत गणले जात. आणि त्यांचा विटका पोशाख सर्वांच्या बोलण्यात असे. जखऱ्या तर स्पष्टच सांगतो की लोकांना फसविण्यासाठी केसांचा झगा पांघरणारेही होते. ज्या वस्त्रावरून एलीया ओळखला गेला, तेच लबाडांचे सोंग झाले! आमच्या मंडळ्यांत उपदेशक खादीत आला की तो त्यागी ठरतो, सुटाबुटात आला की विद्वान ठरतो. व्यासपीठावर झगा असावा की नसावा, यावर सभाच्या सभा खर्ची पडतात. त्याने सांगितले काय, हे मात्र घरी जाईपर्यंत कोणी विचारीत नाही.

खऱ्या संदेष्ट्यांच्या वस्त्रांकडे पाहावे, तर ती बहुधा त्यांच्या अंगावरून गेलेली दिसतात. अहीयाने नवा कोरा झगा (जुना नव्हे!) फाडून बारा तुकडे केले व दहा यराबामाला दिले. यशयाने कमरेचे गोणपाट सोडले आणि तीन वर्षे उघडा, अनवाणी फिरला; त्याची लाज त्यालाच सोसावी लागली.

अलीशाचा क्रमही पाहण्याजोगा आहे. एलीया वर घेतला गेला तेव्हा अलीशाने आधी स्वतःची वस्त्रे धरून फाडली, दोन तुकडे केले. त्यानंतर पडलेला झगा उचलला. यार्देनेच्या काठी त्याने झगा पाण्यावर मारला, पण हाक मारली ती एलीयाच्या देवाला. यरीहोचे संदेष्टे समोरून पाहत होते. एलीयाचा आत्मा अलीशावर उतरला आहे, एवढेच ते बोलले. झग्याविषयी ते काही बोलले नाहीत, आणि अलीशाच्या पुढील सबंध चरित्रात त्या झग्याचा पुन्हा उल्लेख येत नाही.