घर बदलताना

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात म्हसा हे गाव आहे. पौष पौर्णिमेला तेथे मोठी जत्रा भरते. जत्रेतला बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैलाचे दात पाहिल्याशिवाय शेतकरी सौदा करीत नाही. घरसामान नेणाऱ्याशीही असाच पारखून सौदा करावा.

समजा, एका कुटुंबाला म्हसा येथून कल्याणला राहायला जायचे आहे. टेम्पोवाला ३,००० रुपये सांगतो. वडील लगेच 'हो' म्हणतात. पण हे झाले फक्त गाडीचे भाडे! चार हमालांची मजुरी २,००० रुपये, तिसऱ्या मजल्यावर सामान चढवण्याचे ८०० रुपये आणि खोकी, दोरी व गोणपाटाचे ४०० रुपये. एकूण खर्च ६,२०० रुपये होतो. सामान दारात उतरल्यावर वाद घालून काय उपयोग?

गाडी रिकामी परतणार असेल, तर परतीचे डिझेलही भाड्यात धरतात. परतीचा माल मिळणारी गाडी स्वस्त पडू शकते.

मोठ्या मालवाहतूक कंपनीकडून सामानाची पावती घ्यावी. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार नुकसानभरपाईला मर्यादा असते. मौल्यवान सामानासाठी जादा जोखीम दर आधीच ठरवावा लागतो.

म्हणून "पैसे किती?" एवढेच विचारू नका. "त्यात काय काय येते?" हेही विचारा. उत्तर कागदावर लिहून घ्या आणि मगच सामान चढवा.

शब्दार्थ : पारखणे – नीट तपासून पाहणे, जोखीम – नुकसानीचा धोका.

स्वाध्याय :
१) ३,००० रुपयांचा खर्च ६,२०० रुपये कसा झाला?
२) सामान चढवण्यापूर्वी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?